दुर्बीणताईंच्या दारातले ठिपके

दुसऱ्या उशीचा अभ्रा अर्धा चढवून झाला होता. उशी हनुवटीखाली दाबलेली, दोन्ही हात अभ्र्याच्या कोपऱ्यांत अडकलेले, आणि भिंतीवर टकटक सुरू झाली. आमची आणि दुर्बीणताईंची भिंत एकच आहे. एकदा टकटक म्हणजे चहा टाकलाय, या. दोनदा म्हणजे तुमचे कपडे वाऱ्याने दोरीवरून पडलेत. त्या दुपारी टकटक थांबेचना, आणि तीसुद्धा अशी दबकी, की भिंतीवर नव्हे, माझ्या छातीवरच कोणी वाजवतंय असं वाटलं. उशी तशीच पलंगावर टाकली आणि मागच्या दाराने त्यांच्याकडे गेले.

ताई खिडकीपाशी उभ्या होत्या. उभ्या होत्या म्हणूनच मी दारातच थांबले. त्या खिडकीपाशी कायम बसलेल्या असतात.

"वहिनी, पडदा हलवू नका. फटीतून बघा. सिस्टरच्या घरी रंगारी आलेत."

"मग येऊ देत की. भिंतीचे पोपडे कधीचे निघालेत."

"रंगारी भिंतीकडे बघतो. हे दोघं सगळ्यांच्या खिडक्यांकडे बघतायत."

मी फटीला डोळा लावला. समोरच्या घराला शिडी टेकवलेली, खाली दोन बादल्या, आणि दोन माणसं. एक जण शिडीचा पाय धरून उभा होता, पण शिडीवर कोणीच नव्हतं. दुसरा घराच्या मागच्या बाजूला वळला. ताईंच्या हातात फोन होता. अंगठा काचेवर टेकलेला, पण हलत नव्हता.

तो का हलत नव्हता हे कळायचं तर ताई कोण हे आधी सांगायला हवं. मी रोज वहीत चार ओळी लिहिते, आणि बहुतेक दिवस त्या ओळी भाजी आणि देव यांच्यापलीकडे जात नाहीत. पण काही माणसं चार ओळींत मावत नाहीत.

दुर्बीणताई हे काही त्यांचं नाव नव्हे. ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ठेवलं आणि गल्लीने उचललं. ताईंनाही ते माहीत आहे. "दुर्बीण तर दुर्बीण," त्या म्हणतात, "निदान भिंग पुसून ठेवते." त्यांचा धंदा काज-बटणाचा. टेलरमास्तर शर्ट शिवतात आणि काजं करायला ताईंकडे पाठवतात. मशीनची काजं स्वस्त पडतात, पण मास्तरांची जुनी गिऱ्हाइकं अजून हातचीच मागतात. हे काम शिकवताना मास्तरांच्या वडिलांनी त्यांना एक नियम घालून दिला होता. सारखं जवळ बघशील तर डोळे जातील, म्हणून एक काज झालं की मान वर करायची, लांबचं काहीतरी बघायचं, मग पुढचं काज. तेव्हापासून शर्टाला जेवढी काजं, तेवढ्या वेळा गल्ली ताईंच्या डोळ्यांखालून जाते.

त्यांचे यजमान मालाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. गाडी कधी यायची याचा नेम नसायचा, म्हणून ताईंनी कामाची खुर्ची रस्त्याकडच्या उंच खिडकीत नेली. यजमान गेले, वाट बघणं संपलं, खुर्ची तिथेच राहिली.

लोक त्यांना हसतात, पण अडल्यावर त्यांच्याच खिडकीखाली येऊन उभे राहतात. आमचे हे स्कूटरवरून घसरून पडले तेव्हा मी आत देवाचं नाव घेत बसले होते आणि ताई पाणी घेऊन कोपऱ्यावर पोचल्याही होत्या. समोरच्या सिस्टर दवाखान्यात नोकरीला आहेत. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला, ते दिवसभर आतल्या खोलीत पडून असतात. सिस्टर कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात आणि खिडकीखाली थांबून म्हणतात, "ताई, निघते हं." दुसरी किल्ली ताईंच्या बटणांच्या डब्यात असते. बस, एवढीच त्यांची व्यवस्था. आजोबांना फारसं बोलता येत नाही. हाक मारायची तर ते चमच्याने स्टीलचा पेला वाजवतात.

तर असं सगळं चाललं होतं आणि आमच्या वसाहतीत चोऱ्या सुरू झाल्या.

सुरुवात बागेतल्या पितळी नळांपासून झाली. सकाळी झाडांना पाणी घालायला जावं तर नळाच्या जागी नुसतं भोक. मग पाण्याच्या मीटरची झाकणं गेली. मग सायकली. आणि मग दोन घरं फुटली, तीही भरदिवसा. तोवर लोक हसत होते, आता कोणी हसेना. मी तर कडी लावली की नाही हे बघायला पुन्हा पुन्हा उठायला लागले. हातात माळ फिरतेय, तोंडात देवाचं नाव आहे, आणि मनात मात्र कडी, कडी, कडी. एकदा तर देवापुढे डोळे मिटून बसले आणि मागे पाऊल वाजलं म्हणून किंचाळले. मागे हे उभे होते, चष्मा शोधत.

मग "सावध शेजार" नावाचा ग्रुप निघाला. फोनवर सगळ्यांनी एकमेकांना कळवायचं आणि संध्याकाळी जेवणं झाली की चौघांनी शिट्ट्या घेऊन फिरायचं. हेही जायचे. कानटोपी घालून निघायचे आणि गप्पा मारून परत यायचे. अंधारात एकमेकांच्याच तोंडावर बॅटरी मारायचे.

"काय सापडलं?" मी विचारायची.

"थंडी," हे म्हणायचे.

ग्रुप चालवायचे ते स्टेशनरीवाले काका. बाजाराच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. त्यांनी वसाहतीचा मोठा नकाशा काढून घेतला आणि दुकानाच्या काचेवर बाहेरून चिकटवला. ग्रुपवर काही कळवलं गेलं की त्या दिवशी एक लाल गोल ठिपका नकाशावर लागायचा. दुकानात तसल्या ठिपक्यांचे कागद पडूनच होते, आता त्यांना काम मिळालं. काका मनाचे स्वच्छ, पण हातात चिकटणारं काही आलं की चिकटवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. पोरं त्यांना ठिपकेकाका म्हणायला लागली.

कळवण्यात ताई सगळ्यांच्या पुढे होत्या. नळ गेला, अनोळखी गाडी उभी आहे, फाटक उघडं आहे, जे दिसेल ते. शर्ट पोचवायला बाजारात गेल्या की तिथलंही ऐकून यायच्या आणि तेही कळवायच्या. हळूहळू नकाशावर आमच्या कोपऱ्याला गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं. बाकी वसाहत कशी गोरीगोमटी. ठिपकेकाकांच्या स्वतःच्या गल्लीत तर एकही ठिपका नाही. येणारेजाणारे काचेसमोर थांबून म्हणायचे, "हा कोपरा वाईट हो." ते ऐकून मी घरी आले की कडीबरोबर खिळाही लावायची.

कोणीतरी नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत ताईंच्या मुलापर्यंत गेला. मुलगा लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच बटणं निवडत बसले होते. ताईंना फोन कानाशी धरायची सवय नाही, त्या सगळ्या घराला ऐकवतात.

"आई, या नकाशात आपलं घर कुठंय?"

"कोपऱ्यावर. कुठं असणार?"

"कोपरा दिसतच नाही. सगळा ठिपक्यांखाली गेलाय. तू मला म्हणतेस सगळं ठीक आहे."

"ठीकच आहे. मला काय झालंय?"

"व्हायची वाट बघायची का? तू इकडे ये. धाकट्याची खोली रिकामी करतो."

त्या खोलीत ताई एकदा राहून आल्या होत्या. खिडकी आहे, पण ती इमारतीच्या पोकळीत उघडते. समोर भिंत आणि पाण्याचे पाइप. "पाइपांकडे बघून काजं कशी करू?" त्या मला नंतर म्हणाल्या. "तिथून पाण्याशिवाय कोणी जातयेत नाही."

मुलगा वाईट नाही हो. सूनही चांगली आहे. पण घाबरलेल्या माणसाला समजावणं कठीण, कारण त्याच्या बाजूने बोलणारं आपल्या आतही कोणीतरी बसलेलं असतं. शेवटी त्याने अट घातली. "हा महिना बघतो. आपल्या दारात एक जरी नवा ठिपका पडला तर मी गाडी घेऊन येतो. मग काही ऐकणार नाही."

माणूस तोंडाला कुलूप लावतो, ताईंनी डोळ्यांना लावलं. खिडकीवर जुनी चादर कापून पडदा केला आणि खुर्चीची पाठ रस्त्याकडे केली. एकामागून एक काजं, मान वर नाही. संध्याकाळपर्यंत डोळ्यांतून पाणी यायचं. टेलरमास्तरांनी एक शर्ट परत पाठवला, काजं एका रेषेत नाहीत म्हणून. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सिस्टर खिडकीखाली थांबून "ताई, निघते हं" म्हणायच्या, आणि पडद्यामागून नुसतं "बरं" ऐकू यायचं.

"एवढं काय घाबरायचं?" सायकलवाला एकदा खालून म्हणाला. "दुर्बिणीला झाकण लावलं होय?"

"धूळ फार झाली," ताई आतून म्हणाल्या.

मी देवापुढे बसले की आधी म्हणायची, सगळ्यांना सांभाळ. आता म्हणायला लागले, एवढा महिना पार पडू दे. आणि जीव थाऱ्यावर नव्हता. खिडकी उघडी होती तेव्हा ठिपक्यांची भीती वाटायची. खिडकी बंद झाल्यावर कशाची वाटत होती ते सांगता येईना, पण ती मोठी होती. ताईंचंही तसंच झालं असणार. नाहीतर त्या दुपारी पडद्याला फट पडली नसती.

आता त्या दुपारकडे परत येते.

शिडीजवळचा माणूस उभाच होता. दुसरा मागे गेलेला दिसेना. ताईंनी आधी पोलीस चौकीला फोन केला, तो मी ऐकला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "गाडी वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला आहे, निघते. तुम्ही दोघी तिकडे जाऊ नका. आधी शेजारपाजार गोळा करा."

शेजारपाजार गोळा करायचा म्हणजे ग्रुप. आणि ग्रुपवर मजकूर गेला की खाली ताईंचं नाव. ते नाव आलं की ठिपका आमच्याच कोपऱ्यावर पडतो एवढं बघून ठाऊक होतं, का ते कधी विचारलं नव्हतं. ठिपका पडला की गाडी.

"तुमच्या फोनवरून पाठवता येईल का हो?" ताईंनी विचारलं.

"माझा बटणांचा फोन. ग्रुप यांच्या फोनवर आहे, आणि हे बाजारात गेलेत."

"ओरडू या?"

"ओरडलं तर आधी त्यांनाच ऐकू जाईल."

ताईंनी खोलीत एकदा नजर फिरवली. बटणांचा डबा, मास्तरांचे घडी केलेले शर्ट, बसून बसून मध्ये खोल झालेली ती खुर्ची. माझ्या ओठांवर "पाठवा" आलं होतं, पण बाहेर पडेना. "पाठवा" म्हणणं म्हणजे "जा" म्हणण्यासारखंच होतं. मी मनात देवाला म्हटलं, तूच काय ते सुचव. आणि मला खरोखर वाटत होतं की कदाचित ते रंगारीच असतील. माणूस भ्याला की त्याला वाटेल ते पटतं.

तेवढ्यात घरामागून लाकूड तडकल्याचा आवाज आला. आणि त्याच्या पाठोपाठ बारीक, अगदी बारीक, पेल्यावर चमचा वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"आजोबांना वाटतंय लेक आली," ताई म्हणाल्या.

मग त्यांचा अंगठा जो चालला तो मी बघतच राहिले. "सिस्टरच्या घरात चोर शिरतायत. आजोबा आत एकटे आहेत. आत्ता या." पाठवलं, फोन खुर्चीवर टाकला, बटणांचा डबा उपडा केला, त्यातून किल्ली काढली आणि दाराकडे निघाल्या.

"ताई, बाई म्हणाल्या बाहेर जाऊ नका."

"बाईंनी चमचा ऐकला नाही."

मी मागे धावले. हाताला लागलेली लाकडी पट्टी उचलली होती. तिने कोणाला मोजणार होते देव जाणे. रस्त्यावर येईपर्यंत सायकलवाला हातात पाना घेऊन पोचला होता. पाठोपाठ टेलरमास्तर आले, गळ्यात टेप तशीच. मग दुकानांतले दोघेतिघे. शिडीजवळच्या माणसाने एक शीळ घातली, शिडी सोडली आणि तो चालायला लागला. हो, चालायला, धावायला नाही. त्या चालण्याचीच मला अजून भीती वाटते. कोपऱ्यावर वळला आणि मग पावलं धावल्याची ऐकू आली. मागचा कुंपणावरून गेला. दोघांपैकी कोणीही सापडलं नाही, आजपर्यंत नाही.

मागच्या दाराची एक बिजागरी उखडलेली होती, दुसरी धरून होती. ताईंनी पुढचं कुलूप उघडलं. आजोबा पलंगावर पडलेले, चमचा हातात, नजर दाराकडे. ताईंना बघून जड जिभेने म्हणाले, "आज लवकर सुटलीस?"

"हो, लवकर सुटले," ताई म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

पोलिसांची गाडी आली. फोनवरच्या बाईच त्यात होत्या. त्यांनी बादल्या बघितल्या, रंगाचा एक थेंब त्यांत नव्हता. मग शिडीला हात लावून विचारलं, "ही कोणाची?"

ठिपकेकाका धापा टाकत आत्ताच पोचले होते. खिशातून लाल ठिपक्यांचा कागद डोकावत होता. ते शिडीभोवती फिरले, वाकून खालच्या पायरीवर बांधलेली सुतळी बघितली, आणि ती बोटांनी चाचपली.

"माझी आहे," ते शेवटी म्हणाले. "दुकानामागे आडवी ठेवलेली असते."

"चोरीला कधी गेली?"

"गेलीये हे मला आत्ताच कळतंय."

"तुमच्या गल्लीत मागे काही झालं होतं का?"

"छे. आमच्या गल्लीत एकही ठिपका नाही. स्वच्छ आहे."

"स्वच्छच आहे काका," सायकलवाला म्हणाला. "शिडीसुद्धा उरली नाही."



दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे बसले, मन लागेना. उठले आणि थेट बाजाराच्या गल्लीत गेले. काका नकाशासमोर उभे होते, बोटाच्या टोकावर ठिपका. तो त्यांनी आमच्या कोपऱ्यावर नेला, ताईंच्या घरावर.

"अहो काका," मी म्हटलं, "चोर सिस्टरकडे शिरत होते. रस्त्याच्या पलीकडे."

"हो, पण कळवलं ताईंनी."

"मग?"

"मजकुराखाली ज्याचं नाव, त्याच्या घरावर ठिपका. जागा कोणी नीट लिहितंय का? कोणी लिहितं 'इथे', कोणी लिहितं 'तिकडे कोपऱ्यावर'. नाव तेवढं चुकत नाही, घरंही मला सगळ्यांची माहीत."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. "म्हणजे मैदानाजवळची सायकल गेली ती?"

"ती ताईंनीच कळवली होती."

"बाजारामागचा नळ?"

"तोही त्यांनीच."

"तो तर तुमच्या दुकानाच्या मागचा नळ होता, काका."

त्यांनी ठिपका बोटावरून काढून दुसऱ्या बोटावर घेतला. तेवढ्यात चौकीतल्या बाई जबाब घ्यायला आल्या आणि काचेपुढे थांबल्या. काकांनी त्यांना आपली पद्धत सांगितली, आवाज आता बराच खाली आला होता. बाई रागावल्या नाहीत. थकलेल्या दिसत होत्या.

"हा चोरांचा नकाशा नाही, काका. हा बघणाऱ्यांचा नकाशा आहे. जिथे लाल आहे तिथे कोणीतरी मान वर करून बघतंय. जिथे पांढरं आहे तिथे काय गेलंय ते आम्हालाही ठाऊक नाही, तुम्हालाही नाही." मग त्यांनी विचारलं, "गस्त कधी घालता?"

"जेवणं झाल्यावर."

"आमच्याकडे आलेल्या घरफोडीच्या सगळ्या तक्रारी दुपारच्या आहेत. तुम्ही निघता तेव्हा चोरही जेवूनखाऊन झोपलेला असतो."

दुपारपर्यंत काका नखाने एकेक ठिपका खरवडत बसले होते. जो जिथे हवा तिथे लावला. वसाहत सगळीकडे थोडीथोडी लाल झाली, काकांची गल्लीसुद्धा. आमच्या कोपऱ्यावर मात्र डिंकाचे गोल डाग राहिलेच, त्यांवर धूळ बसून ते करडे दिसायला लागले. काकांनी ग्रुपवर चूक कबूल केली, नव्या नकाशाचा फोटो टाकला, ताईंच्या मुलालाही पाठवला. मला वाटलं, सुटलो.

पण मुलगा गाडी घेऊन आलाच.

आला तो दारातून आत येताना बिजागऱ्यांवरून हात फिरवत आला. मी पाणी दिलं, नकाशाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली.

"काकू, ठिपका आमच्या दारात नाही, समोरच्या दारात आहे. मध्ये काय, रस्ता. रस्त्याला कुठं कुलूप असतं?"

त्याचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. ताई उठल्या. शर्टांचं गाठोडं बांधलं आणि म्हणाल्या, "मास्तरांना हे पोचवून येते. येईपर्यंत खिडकीत बस. आणि पडदा काढ तो, घरात अंधार झालाय."

मुलाने चादर खाली घेतली आणि त्या खोल खुर्चीत बसला. मी चहा ठेवायला आत गेले, कान बाहेर. सायकलवाला जाताना सवयीने खिडकीकडे हात करून गेला, वर कोण आहे हे न बघताच. शाळेतून येणाऱ्या एका मुलीने वर बघून चालण्याचा वेग कमी केला. मुलगा फोन काढायचा, परत ठेवायचा. एक अनोळखी माणूस पत्ता शोधत फाटकांवरचे नंबर वाचत चालला होता, तर हा खुर्चीतून अर्धा उठला आणि तो दिसेनासा होईपर्यंत तसाच राहिला.

मग सिस्टर निघाल्या. कुलूप लावलं, खिडकीखाली आल्या, वर न बघता म्हणाल्या, "ताई, निघते हं." उत्तर आलं नाही म्हणून मान वर केली.

"ताई कुठायत?"

"शर्ट द्यायला गेलीय. मी तिचा मुलगा."

सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. "न्यायला आलात का त्यांना?"

तो हातातला फोन नुसता फिरवत राहिला.

"मला आधी सांगाल का तसं असेल तर? ड्यूटी बदलून मागावी लागेल. लगेच मिळत नाही." आवाजात तक्रार नव्हती, विनवणीही नव्हती. पण त्या जागच्या हलेनात. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी मुलगा म्हणाला, "जा तुम्ही. मी बसलोय."

चहा निवला. ताई परत आल्या तरी तो उठला नाही. "आई," तो म्हणाला, "इथं बसलं की भीती वाटते. जो तो चोर वाटतो."

"वाटतेच," ताई म्हणाल्या. "बघून बघून मग कळतं कोण नाही ते."

तो बराच वेळ समोरच्या बंद दाराकडे बघत बसला. मग खिशातली टेप काढून खिडकीची उंची मोजायला लागला, रुंदी मोजली, आकडे हातावर लिहिले. "जाळी बसवून घे. दाराला आतून दुसरी कडी. रोज संध्याकाळी मी फोन करणार. महिना संपला की पुन्हा बोलू." राहा असं तो म्हणाला नाही, चल असंही म्हणाला नाही. रिकामी गाडी घेऊन गेला.

त्या रात्री मी नेहमीपेक्षा जास्त वेळ देवापुढे बसले, आणि तरी मध्ये उठून कडी बघून आले. ते दोघं अजून कुठेतरी आहेत. कुठल्या तरी पांढऱ्या गल्लीत दुसरी शिडी शोधत असतील.

आज सकाळी भिंतीवर एकदाच टकटक झाली. चहा पिताना ताईंनी मुलाच्या हातावरून कागदावर उतरवून घेतलेले आकडे मला दाखवले.

"जाळीचे गज उभे सांगणार की आडवे?" मी विचारलं.

"उभे. आडवे बरोबर डोळ्यांसमोर येतात." त्यांनी चप्पल घातली, खुर्ची रस्त्याकडे वळवली आणि मला बसायची खूण केली. "सिस्टर गेल्यात, किल्ली डब्यात आहे. चमच्याकडे कान ठेवा."

त्यांना वेल्डरकडे जायचं होतं, जाळीचं माप द्यायला.